जाड रेष टिकते, बारीक रेष पसरते, आणि मावशीचा हिरवा हात

भावा, तुझा प्रश्न वाचला. थोडक्यात असं, की तुला हातावर राजमुद्रा करायचीये, मनगटाच्या जरा वर, साधारण दोन इंचाची. एक आर्टिस्ट म्हणतो जाड रेषेत घे, मरेपर्यंत टिकेल. दुसरा म्हणतो जाड रेष म्हणजे जुना प्रकार, फाईन लाईनमध्ये घे, क्लासी दिसतं. आणि घरी मावशी म्हणते काहीपण कर, दहा वर्षांत हिरवा डाग होतो, माझा हात बघ. वरून तू भरतीचीपण तयारी करतोयस. आता खरं कुणाचं धरायचं.

तिघांचंही खरं आहे की. फक्त तिघांपैकी एकानेही तुला हे सांगितलं नाही की दोन इंचात राजमुद्रा मावत नाही. जाड घे नाहीतर बारीक घे, मावत नाही म्हणजे नाही. का ते सांगतो, जरा लांबण लागेल, चहा घेऊन बस.

मी सोलापुरात चौदा वर्षं हे काम करतोय. त्याआधी दोन वर्षं गड्ड्याच्या जत्रेत होम मैदानावर दुसऱ्याच्या स्टॉलवर बसून बॅटरीच्या मशीनने नावं काढायचो, एका नावाला पाच मिनिटं, पुढचा ये. त्यातली काही नावं आज माझ्याच दुकानात कव्हर-अपला, म्हणजे वर दुसरं चित्र काढून झाकायला येतात आणि मी गप गुमान काम करतो, हे मीच केलेलं आहे असं सांगत नाही. कधीकधी सांगतो. तर टॅटू म्हातारा कसा होतो हे मी दुसऱ्यांच्या कामावर कमी आणि स्वतःच्या चुकांवर जास्त शिकलोय.

आधी मावशीचा मुद्दा घेऊ, कारण तोच सगळ्यात जुना. माझ्या आजीच्या हातावर पण गोंदण होतं, कोपराच्या खाली तुळस, त्याखाली पाच ठिपके आणि मनगटाजवळ आजोबांचं नाव. तोंडाने तिने आजोबांचं नाव जन्मात घेतलं नाही, लग्नातला उखाणा तेवढा सोडून, पण हातावर कायम होतं. शेवटी शेवटी ते नाव वाचता येत नव्हतं, हिरवट निळी पट्टी झालेली. तुळशीची पानं एकमेकात गेलेली, झाड आहे एवढं कळायचं. पण ते पाच ठिपके मात्र पाचच्या पाच, वेगवेगळे, लांबून मोजता येतील असे. एकच बाई, एकच सुई, एकच काजळी, एकाच दिवशी काढलेलं सगळं. मग ठिपके का राहिले आणि नाव का गेलं? मी आजीला विचारलं होतं, तर ती म्हणाली गोंदणारीण दोन ठिपक्यांच्या मधी जुंधळ्याचा दाणा ठेवून बघायची, दाणा बसला तरच टोचायची. नावाच्या वेळी कोण दाणा ठेवणार, अक्षरं चिकटून चिकटूनच असतात.

माझ्या हिशोबाने टॅटूचं अख्खं शास्त्र त्या दाण्यात आहे. रेष किती जाड हा प्रश्न नंतरचा, दोन रेषांच्या मधे चामडी किती मोकळी सोडली हा पहिला. लोक रेषेवर भांडतात, मोकळ्या जागेवर कोण बोलतच नाही.

आता हिरवं का होतं. काजळी असो की आजची ब्लॅक इंक, आत बहुतेक कार्बनच असतो, काळाच. पण तो वरच्या चामडीत नसतो, त्याच्या खालच्या थरात असतो, एक ते दोन मिमी खोल. चामडीतून प्रकाश आतबाहेर करताना निळा भाग जास्त विखुरतो म्हणून खालचं काळं वरून निळसर दिसतं, हातावरच्या शिरा निळ्या दिसतात त्यातलाच प्रकार. आणि आपल्या सावळ्या रंगाचा थर त्याच्यावर, म्हणून हिरवट. शाई जितकी खोल तितकं निळं जास्त. गोंदणारणी हाताने टोचायच्या, कुठे खोल कुठे उथळ, आणि मी जत्रेत करायचो ते तर सगळंच खोल. मावशीचा हात हिरवा आहे म्हणून तुझाही तसाच होईल असं नाही, पण थोडा निळसरपणा येणार, सगळ्यांचाच येतो, दहा-पंधरा वर्षांनी पूर्ण काळाभोर टॅटू कुणी दाखवला तर तो मधे रिटच करून आलाय असं समज.

आणि पसरतं का. शाईचे कण शरीराला परके वाटतात, म्हणून चामडीतल्या पेशी, मॅक्रोफेज म्हणतात त्यांना, त्या कण गिळून बसतात. पचत नाही, सोडताही येत नाही, त्यामुळे टॅटू जागेवर राहतो. पण पेशी मरतात तेव्हा कण मोकळे होतात आणि शेजारची नवी पेशी ते परत गिळते. २०१८ साली फ्रान्समधल्या संशोधकांनी उंदरांवर हे दाखवलं. म्हणजे तुझा टॅटू स्थिर वाटतो पण आत त्याचं हस्तांतर चालूच असतं, या हातातून त्या हातात, आणि प्रत्येक वेळी केसभर इकडे तिकडे. काही बारीक कण लिम्फमधून, म्हणजे शरीरातल्या लसिकेच्या वाटेने, निघूनही जातात. म्हणून जुना टॅटू दोन गोष्टी एकदम करतो, कडेने पसरतो आणि मधे फिका होतो.

किती पसरतो? हे मी मोजतो. खरंच मोजतो, दुकानात लोक हसतात. जुनं गिऱ्हाईक परत आलं की त्याच्या रेषेला पट्टी लावून वहीत लिहितो, कुठली सुई, किती वर्षं, आता किती. ३ आरएलने, म्हणजे तीन सुयांच्या गोल जुडग्याने काढलेली रेष बरी झाल्यावर अर्ध्या मिमीच्या आसपास असते, सात-आठ वर्षांनी ती एक मिमीच्या घरात जाते. ९ आरएलची रेष सुरुवातीलाच सव्वा मिमी असते, ती पावणेदोनच्या आसपास. बघ गंमत. दोन्हीकडे वाढ साधारण अर्ध्याच मिमीची. पण बारीक रेष त्यात दुप्पट झाली आणि जाड रेष जराशी सुटली, पोट सुटल्यासारखी, बघणाऱ्याच्या लक्षातही येत नाही. माझी वही म्हणजे काही लॅब नाही, शंभराच्या आत लोक आहेत, त्यातले निम्मे उन्हात काम करणारे. पण जाड टिकतं असं जे म्हणतात त्याचं गणित मला तरी यातच दिसतं. जाड रेष कमी पसरत नाही, ती पसरलेली कळत नाही.

बोल्ड विल होल्ड, म्हणजे जाड असेल तेच टिकेल, ही म्हण अमेरिकन जुन्या स्टाईलवाल्यांची. खलाशांचे टॅटू, जहाजाचा नांगर, गुलाब, चिमणीसारखा पक्षी, जाड काळी बॉर्डर आणि आत चार रंग. होनोलुलुचा सेलर जेरी, नॉर्मन कॉलिन्स, १९७३ साली वारला, त्याच्या पद्धतीचं काम आजही लोक तसंच करतात. आणि ते टिकतं, याबद्दल माझा वाद नाही. पण त्यांनी नुसती रेष जाड केली नव्हती, चित्रंच तशी निवडली होती. नांगरात काय आहे? एक दांडी, एक आकडा, एक दोर, मधे सगळी मोकळी जागा. आपल्याकडे लोक काय करतात, बोल्ड विल होल्ड म्हणायचं आणि जाड रेषेत दोन इंचात अख्खी राजमुद्रा, बाजूला दोन तलवारी, वर जिरेटोप. चार वर्षांत त्याचा डांबराचा गोळा होतो आणि मग म्हणायचं शाई खराब होती.

उलट बाजूला फाईन लाईनवाल्यांना सरसकट शिव्या घालणं पण मला पटत नाही. आमच्या धंद्यातले जुने लोक म्हणतात एका सुईचं काम पाच वर्षांत उडून जातं. मग ईस्ट लॉस एंजेलिसचं काय? तिथे १९७० च्या दशकात चिकानो, म्हणजे मेक्सिकन वंशाच्या अमेरिकन पोरांनी तुरुंगातली एका सुईची पद्धत दुकानात आणली, गुड टाइम चार्लीज नावाचं दुकान १९७५ चं, तेव्हाच्या कामाचे आज काढलेले फोटो बघ. मऊ झालेत, राखाडी झालेत, पण चेहरा चेहरा दिसतो, कारण चित्रं मोठी होती आणि चामडी भरपूर मोकळी सोडलेली. आजचा इन्स्टाग्रामवाला फाईन लाईन वेगळा. बोटाच्या पेराएवढ्या जागेत सिंहाचं तोंड, काढल्या काढल्या फोटो, चामडी अजून लाल आहे, त्यावर फिल्टर. तो फोटो म्हणजे लग्नातला फोटो, संसाराचा नाही. कुठल्याही आर्टिस्टकडे जा, त्याला तीन वर्षं जुनं काम दाखव म्हण. नाही म्हणाला तर उठ.

माझं स्वतःचं मत विचारशील तर आपल्या चामडीवर आणि आपल्या उन्हात मी जाडीकडे झुकतो, पण एका अटीवर, चित्र मोठं आणि साधं पाहिजे. सावळ्या चामडीत शाई रंगाच्या थराखाली बसते, त्यामुळे हलके राखाडी शेड, पिवळा, पांढरा हे बरं झाल्यावर चहात पडलेल्या दुधासारखे होतात, आहे पण दिसत नाही. काळ्याला पर्याय नाही. आणि ऊन. सोलापूरचा मे महिना मी काय सांगू, पारा ४३-४४ ला जातो, आणि पोरं अर्ध्या बाहीचा शर्ट घालून दिवसभर गाडीवर. उन्हातले अतिनील किरण शाईचे कण फोडतात. माझ्याकडे एक ड्रायव्हर आहे, उजवा हात कायम खिडकीबाहेर, दोन्ही हातांवर एकाच आठवड्यात केलेलं सारखंच काम, सहा वर्षांनी डावा हात दोन वर्षांचा वाटतो आणि उजवा बारा वर्षांचा. त्याला मी गिऱ्हाईक कमी आणि सॅम्पल जास्त समजतो. एसपीएफ ५० चं सनस्क्रीन लावा म्हटलं की इथली माणसं मला हसतात, क्रीम लावायला काय बाई आहे का मी. नको लावू, पूर्ण बाही घाल, तेही चालतं.

जाडीचे तोटे कोण सांगत नाही तेही सांगतो. एक, जाड रेष काढायला तीच जागा दोनदा तीनदा जाते, हात जड असला की चामडी फाटते आणि रेष उठून राहते, थंडीत खाजते. ज्यांना कानाला टोचलेल्या जागी किंवा लशीच्या जागी गाठ झाली असेल त्यांना केलॉइडचा धोका असतो, त्यांनी छाती आणि खांद्यावर तर अजिबात नको आणि बाकी ठिकाणी पण आधी त्वचेच्या डॉक्टरला विचारायचं. दोन, चुकलं तर सुटका नाही. बारीक रेष पुढे जाड करता येते, जाड रेष बारीक करता येत नाही. लेझरने काढायचं म्हटलं तर जितकी शाई जास्त तितक्या बैठका जास्त, आणि सावळ्या चामडीवर लेझरने डाग पडायची भीती वेगळी, काही महिने मधे सोडत सोडत जातात ते. तीन, काळा भरीव भाग मोठा असला की तो एकसारखा फिका होत नाही, ठिगळं पडतात.

बारीकचे तोटे तुला माहीतच असतील. बरं होताना मधे मधे तुटते, तुटक रेष दिसते, टचअप लागतोच. आणि नवीन हाताने केली की एकतर उथळ जाते आणि महिन्यात गायब, नाहीतर भीतीने खोल दाबतो आणि ब्लोआउट होतो. म्हणजे शाई खालच्या चरबीत उतरते आणि रेषेच्या बाजूला निळी सावली पडते, टीपकागदावर शाई सांडल्यासारखी. ते वयाने होत नाही हां, ते पहिल्या आठवड्यातच दिसतं. लोक वर्षभराने येऊन म्हणतात टॅटू पसरला, मी म्हणतो पसरला नाही, सांडलेलाच होता.

आता तुझ्या राजमुद्रेवर येतो. माझे वडील अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका चादरीच्या कारखान्यात डिझाइन काढायचे, ग्राफपेपरवर चौकोन भरत बसायचे, मग त्याची जॅकार्डची पंचकार्डं व्हायची, म्हणजे मागाला नक्षी सांगणारी भोकांची कार्डं. लहानपणी मी त्यांना मोराचं चित्र दिलं होतं, चोच एकदम टोकदार काढलेली. ते म्हणाले ही चोच चादरीत येणार नाही, एका चौकोनात टोक मावत नाही, चोच जाड कर नाहीतर मोर मोठा कर. मी म्हटलं तिसरं काही? म्हणाले, नाहीतर चोच काढूच नको, लोक मोर पिसाऱ्यावरून ओळखतात. टॅटूतही मला चौदा वर्षांत चौथा पर्याय सापडलेला नाही.

राजमुद्रेचा मजकूर मोज. प्रतिपच्चंद्रलेखेव वर्धिष्णुर्विश्ववंदिता, शाहसूनोः शिवस्यैषा मुद्रा भद्राय राजते. बरोबर बत्तीस अक्षरं, अनुष्टुभ छंद आहे तो. अष्टकोन दोन इंच म्हणजे पन्नास मिमी, दोन्हीकडची दुहेरी बॉर्डर वजा कर, राहिले अडतीस-चाळीस. एका ओळीत सहा अक्षरं घेतली तर एका अक्षराला सहा-साडेसहा मिमी. आता त्या सहा मिमीत ष्णु बसव. अर्धा ष, त्याच्या पोटातली तिरकी रेष, त्याला चिकटून ण, खाली उकार, वर शिरोरेखा, आणि पुढच्याच अक्षरावर रफार आणि वेलांटी. आतली मोकळी जागा अर्धा-पाऊण मिमी. दोन्ही बाजूच्या रेषा पाव पाव मिमीने आत सरकल्या की संपलं. आणि त्या पाव मिमीला बारीक रेषपण सरकते आणि जाड तर आधीपासूनच तिथे बसलेली असते.

देवनागरीचा हा त्रास इंग्रजी अक्षरांवरचे व्हिडिओ बघून कळत नाही. आपली अक्षरं पोटातल्या एका छोट्या रेषेवर जगतात. ष ची तिरकी रेष उडाली की वाचणारा प वाचतो. ब चं पोट भरलं की तो काळा गोळा होतो, रेष उडाली की व होतो, माझ्याकडे एकजण आला होता, वडिलांच्या आठवणीत बाबा काढलेलं, आठ वर्षांनी वावा दिसत होतं, आणि मित्र त्याला वा वा म्हणून चिडवायचे. ध आणि घ, भ आणि म यांच्यात फरक काय, शिरोरेखेतली एक फट, ती बुजली की भद्राय चं मद्राय. महाराजांच्या मुद्रेचं असं झालेलं बघवेल तुला? अनुस्वार पण, च्चं वरचा टिंब शिरोरेखेला जरा जवळ पडला की पाच वर्षांत दोघे एक होतात. ज्याने हे कधी विचारात घेतलं नाही असा आर्टिस्ट जाड म्हणो की बारीक, त्याच्याकडून मराठी मजकूर करून घेऊ नको.

म्हणून माझं सांगणं असं. साईज तीन-सव्वातीन इंच कर आणि जागा बदल, मनगटाच्या वर नको, कोपराच्या खाली आतल्या बाजूला जिथे हात रुंद असतो तिथे घे. तिथे ऊन कमी लागतं, चामडी कमी घासते, आणि तुझ्या भरतीच्या दृष्टीनेही तेच बरं, सैन्यात हाताच्या आतल्या बाजूला कोपरापासून मनगटापर्यंत आणि पंजाच्या पाठीवर एवढंच चालतं, बाहेरच्या बाजूला कायमचा टॅटू असला की मेडिकलला अडकतो. तरी तू ज्या भरतीला जाणार तिची जाहिरात शब्दन् शब्द वाच, माझ्यावर जाऊ नको. रेष एकच जाडीची नको. बाहेरची अष्टकोनी बॉर्डर ९ किंवा ११ आरएलने, एकच, दुहेरी नको, ती कायम राहील. अक्षरं ५ आरएलने, ना जाड ना केसासारखी. आत शेडिंग शून्य, जुना कागद दिसावा म्हणून तपकिरी सावली वगैरे मारतात ते तर अजिबात नको, चामडी हाच कागद.

तीन इंच मोठं वाटत असेल तर मजकूर कमी कर. नुसतं मुद्रा भद्राय राजते, आठ अक्षरं, दोन इंचात ऐसपैस बसतात. ज्याला माहिती आहे त्याला तेवढ्यावरून कळतं. पण साईज पण कमी आणि मजकूर पण पूर्ण असं मी करत नाही, गिऱ्हाईक परत गेलं तरी चालेल. गेल्या गड्ड्यात दोन पोरं तशी परत गेली, शेजारच्या स्टॉलवर दहा मिनिटांत करून आली आणि मला दाखवून गेली. जाऊ दे.

कुणाकडेही कर, सुई तुझ्यासमोर पाकिटातून काढली पाहिजे, शाई छोट्या टोपीत ओतून घेतली पाहिजे आणि उरलेली तुझ्यासमोर टाकली पाहिजे. जत्रेत मी ज्या स्टॉलवर होतो तिथे एक सुई संध्याकाळपर्यंत चालायची, आज आठवलं की झोप उडते. हिपॅटायटीस, एचआयव्ही दिसत नाहीत डोळ्याला. आणि टॅटूनंतर बारा महिने रक्तदान करता येत नाही, जयंतीच्या शिबिरात नाव देणार असशील तर आधी ते कर आणि मग टॅटू.

एप्रिल-मेमध्ये करू नको. घाम, धूळ, खाज, आणि सकाळी ग्राउंडला जाऊन पळायचं सुटणार नाही तुझं. दिवाळीनंतर कर, आणि नंतर दोन-तीन आठवडे विहिरीत, टँकमध्ये पोहायला उतरायचं नाही.

त्याआधी एक काम कर, फुकटचं आहे. डिझाइनची खऱ्या साईजमध्ये झेरॉक्स काढ, दोन इंची पण आणि सव्वातीन इंची पण. मग साधं बॉलपेन घे आणि प्रत्येक रेषेच्या दोन्ही कडांनी गिरव, आत बाहेर दोन्हीकडून, एकही रेष सोडायची नाही. ते तुझ्या टॅटूचं दहा वर्षांनंतरचं तोंड. कागद भिंतीला लाव, चार पावलं मागे जा आणि ज्याला मुद्रा पाठ नाही अशा कुणाला तरी वाचायला सांग, स्वतः वाचू नको, तुला पाठ आहे म्हणून दिसेलच. मावशीला सांग वाचायला. ती ष्णु पाशी अडखळली तर तो कागद घेऊन माझ्याकडे नाहीतर त्या दोघांपैकी कुणाकडेही जा, आणि साईज वाढवून माग.